शिवणाच्या वर्गात वेल्डिंगचे हातमोजे

प्रिय बटण,

तू आता स्वतः शिकवायला लागलीस, तेव्हा तुला या नावाने हाक मारू नये असं तुझ्या आईचं मत आहे. पण जी मुलगी माझ्या मशीनच्या बाजूला बसून बटणांच्या डब्यात हात घालून झोपी जायची, तिला मी दुसरं काय म्हणू? परवाचा तुझा फोन आईने घेतला आणि निरोप माझ्यापर्यंत शब्द न् शब्द पोचला. पुढच्या आठवड्यात तुझ्या वर्गात दुसऱ्या संस्थेतले शिक्षक येऊन बसणार, तुझा कॉलरचा तास बघणार आणि तू आत्तापासूनच धास्तावलीस. तास फसला तर नोकरीच सोडून देईन, असंही म्हणालीस म्हणे. आणि शेवटी माझ्याकडे एक गोष्ट मागितलीस. तिचं उत्तर पत्राच्या शेवटी देतो. लगेच शेवटचं पान उलटून बघू नकोस, तुझी ती खोड मला माहीत आहे.

आधी आमची बातमी. आमच्या व्यवसाय-शिक्षण संस्थेतल्या शिवण विभागाचा निकाल लागला आणि सगळे पास झाले! कोणी काठावर नाही, कोणी परीक्षकांच्या दयेवर नाही, सगळे ताठ मानेने पास. आमचं जुनं दुखणं तुला ठाऊक आहे. वर्षभर माझ्या विद्यार्थ्यांचे कोट असे व्हायचे, की बघणाऱ्याने विचारावं, दुकानातून आणलेत का? आणि परीक्षेच्या दिवशी त्याच माणसांनी घातलेली कॉलर एका बाजूला मान टाकायची. मी म्हणायचो, परीक्षेची भीती. मी म्हणायचो, हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही. खरं कारण सापडलं ते आमच्या वेल्डिंगवाल्या मास्तरांना, आणि त्यांना तर सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही.

त्याचं असं झालं. नव्या प्राचार्य बाई आल्या आणि त्यांनी जाहीर केलं की यापुढे शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात जाऊन बसायचं, बघायचं आणि मग एकत्र बसून बोलायचं. वरून तपासणीस येतात ते येऊ देत, आपलं काम आपण आपसात बघू. मी मनात म्हटलं, झालं, आता भांडणं लागणार. भांडणं नाही लागली, उलट इतकं गोड चाललं की विचारू नकोस. मी बेकरीवाल्यांचं कौतुक केलं, बेकरीवाल्यांनी माझं. अहो रूपम् अहो ध्वनिम्! त्यांच्या तासाला मी गरम पाव खाऊन आलो आणि शेऱ्यात ‘उत्तम’ लिहिलं. पाव उत्तमच होता. बाईंनी ते सगळे शेरे बैठकीत वाचून दाखवले आणि म्हणाल्या, इतकी गुणी संस्था आहे तर मला इथे पाठवलं तरी कशाला?

मग त्यांनी एक गोष्ट केली, आणि तिथून सगळं पालटलं. त्या वेल्डिंगवाल्यांना म्हणाल्या, आज माझ्या वर्गात बसलाय असं समजा. ही बैठक हाच माझा वर्ग आणि माझा प्रश्न एवढाच, की मी तुम्हाला बोलू देते का? वेल्डिंगवाले म्हणजे सरळ माणूस. बैठक संपल्यावर उभे राहून म्हणाले, “बाई, आज आम्ही फार थोड्या वेळा तोंड उघडलं, आणि त्यातही बऱ्याचदा जांभई द्यायला.” आधी बाईच हसल्या, इतक्या की डोळे पुसायला लागल्या. पुढच्या बैठकीपासून त्या सर्वांत शेवटी बोलू लागल्या. नियमही तेव्हाच ठरले. ज्याचा वर्ग, प्रश्न त्याने द्यायचा. पाहुण्याने जे दिसलं तेच सांगायचं, निवाडा खिशात ठेवायचा. ऑफिसात त्यातलं काही जाणार नाही. आणि पाहुण्यानेही जाताना आपल्या वर्गासाठी काहीतरी घेऊन जायचं.

मी प्रश्न दिला, माझे विद्यार्थी परीक्षेत का कोलमडतात? वेल्डिंगवाले सकाळभर मागच्या स्टुलावर गुडघे हनुवटीला टेकवून बसले होते. नंतर चहा घेताना म्हणाले, “मास्तर, तुमचे हात फार सुंदर चालतात. पण आज मला ते सगळ्यांच्याच कामावर दिसले. कुणाची कॉलर अडली की तुम्ही म्हणता, ‘आण इकडे.’ मग तो बिचारा हात खाली सोडून बघत बसतो. अवघड जागा आली की काम तुमच्याकडे, सोपी आली की परत त्याच्याकडे. आज या वर्गातल्या सगळ्या कॉलरी तुम्हीच घातल्यात.” माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणतेस! मी विचारलं, मग काय चांगलं कापड वाया जाऊ द्यायचं? तर म्हणाले, “आमच्याकडे ठिणग्या उडायला लागल्या की मला मध्ये हात घालताच येत नाही, म्हणून पोरं शिकतात. त्यात माझी थोरवी काही नाही.” मी घरी येऊन बराच वेळ तणतणलो. तुझी आई मान वर न करता म्हणाली, “जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि तुम्ही तर चांगले ठणठणीत आहात.”

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू होताना वेल्डिंगवाले आले आणि त्यांनी स्वतःचे हातमोजे माझ्या टेबलावर ठेवले. जाड चामड्याचे, कोपरापर्यंत येणारे, जागोजागी भाजलेले. “हे घाला, यात सुई धरता येत नाही,” एवढं बोलून निघून गेले. सगळा वर्ग खो खो हसला. मलाही चेव आला, म्हटलं बघूच. हातमोजे चढवले आणि तसाच फिरायला लागलो. बटण, ते पहिले दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कुणी टाका चुकीचा घालताना दिसलं की हात नुसते शिवशिवायचे. माझ्या वर्गात यंदा एक बाई आहेत, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेल्या, वयाने माझ्या बरोबरीच्या. त्या म्हणाल्या, “सर, कॉलर फिरतेय, जरा घेता का?” मी नुसते ते दोन हात वर करून दाखवले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कॉलरकडे बघितलं आणि गपचूप कात्रीचं टोक घालून उसवायला लागल्या.

आणि मग माझी खरी परीक्षा सुरू झाली. हात बंद, तेव्हा तोंडाने सांगणं आलं, आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या बोटांना जे येतं त्याला माझ्याकडे शब्दच नाहीत. टोक आत कसं दाबायचं? ‘असं’ म्हणून चालेना. शेवटी एक एक शब्द शोधून काढला. आधी गळ्याचा मध्य आणि कॉलरचा मध्य जुळव. तिथून दोन्हीकडे जा, एका टोकाकडून सुरू करू नकोस. कापड ओढू नकोस, त्याला येऊ दे. अंगठ्याने शिवण चाचपून बघ, कुठे घडी अडकलीय ते डोळ्यांआधी त्याला कळतं. इतकी वर्षं शिकवतोय, पण हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा निघालं. मला हात लावता येत नाही म्हटल्यावर मुलं एकमेकांना विचारायला लागली. वर्गात गलका वाढला आणि काम चोख व्हायला लागलं. शेवटी शेवटी तर मी आत आलो तरी कोणी मान वर करेना. थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला सांगू?

परतफेड म्हणून मी त्यांच्या वर्गात जाऊन बसलो. त्यांचा प्रश्न होता, इतकं लोखंड भंगारात का जातं? मला वेल्डिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं दिसलं की मुलं मोजमाप घेतात आणि थेट पत्राच कापतात. मी म्हटलं, आमच्यात कापडाला कात्री लावण्याआधी कागद कापतात, तुम्ही का नाही कापत? आता त्यांच्याकडे आधी पुठ्ठ्याचा नमुना कापला जातो, तो जागेवर धरून बघतात आणि मगच पत्र्याला हात लावतात. त्यांची पोरं मला शिंपीकाका म्हणतात, आणि कोपऱ्यातला भंगाराचा ढीग निम्मा झालाय. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी ते सांगत फिरतो.

आता परीक्षेचा दिवस ऐक. यंदाच्या परीक्षक बाई कडक म्हणून नावाजलेल्या. त्या थेट आमच्या बसवाल्या बाईंपाशी थांबल्या, पुऱ्या झालेल्या कोटाची कॉलर उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, “छान आहे. आता उसवा आणि माझ्यासमोर पुन्हा घाला.” मी दाराशी उभा होतो. हात मागे घट्ट बांधून घेतले. बसवाल्या बाई मात्र गाडी सुरू करायच्या आधी बसत असतील तशा ताठ बसल्या, शांतपणे शिवण उसवली, दोरे झटकले आणि स्वतःशीच पुटपुटत लागल्या कामाला. मी कान दिले. “मध्याला मध्य. ओढायचं नाही, येऊ द्यायचं.” कॉलर अशी बसली की जणू त्या गळ्यातच उगवली होती. परीक्षक बाईंनी विचारलं, कुणी शिकवलं हो हे? तर त्या म्हणाल्या, “आम्हीच एकमेकांना. सरांचे हात अडकलेले होते.” बटण, इतक्या वर्षांत माझं इतकं मोठं कौतुक कोणी केलेलं नाही. मी तडक वेल्डिंगच्या शेडमध्ये गेलो आणि त्या माणसाला, मास्क डोक्यावर, ॲप्रन अंगात, तशीच मिठी मारली. त्याची पोरं टाळ्या वाजवायला लागली. कशाबद्दल ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण वाजवल्या.

आता आमच्याकडे प्रत्येक वर्गात मागे एक स्टूल कायमचं ठेवलेलं असतं, पाहुण्याचं. कोणी नेमून द्यावं लागत नाही. नळकामवाले बेकरीत बसतात, बेकरीवाले केशरचनेत, आणि आता कोणीही ‘उत्तम’ लिहून सुटत नाही. आजूबाजूच्या संस्थाही येऊन बघून गेल्या, त्यात तुमचे प्राचार्यही होते. म्हणजे तुझ्या धास्तीला मूळ कारण आम्हीच! येणारे पाहुणे चुका मोजायला येत नाहीत, हे एवढं वाचून तुला कळलं असेल. तू त्यांना प्रश्न द्यायचा असतो. तुला खरोखर जे अडलंय ते विचार, नुसतं शोभेचं विचारू नकोस.

तुझा फोन ठेवल्यावर तुझी आई जे बोलली तेही सांगतो. म्हणाली, “तिच्या मागे कोणी येऊन उभं राहिलं की तिचे खांदे वर जातात. लहानपणापासून. मागून हात येणार, हे तिला पाठ झालंय.” मग मला तुझ्या बाहुलीचा तो निळा झगा आठवला. तू शिवायला घेतलास, गळ्यापाशी अडलीस आणि मी म्हटलं, आण इकडे. झगा सुरेख झाला. तू मात्र तो बाहुलीला कधी घातला नाहीस.

तर आता तुझी मागणी. कॉलरचा तास अथपासून इतिपर्यंत लिहून पाठवा, बाबा, मी शब्द न् शब्द तसाच घेईन, असं तू सांगितलंस. मला किती आनंद झाला म्हणून सांगू! जेवण टाकून लिहायला बसलो. कुठे थांबायचं, काय विचारायचं, फळ्यावर काय काढायचं, सगळं झरझर उतरत होतं. तुझ्या आईने थोडा वेळ बघितलं, मग उठली, वेल्डिंगवाल्यांनी मला कायमचेच देऊन टाकलेले ते हातमोजे खुंटीवरून आणले आणि माझ्या कागदांवर ठेवले. म्हणून तास पाठवत नाही, हे पत्र पाठवतोय. तुझा तास तू घे. कॉलर फिरली तर पाहुण्यांच्या देखत उसव आणि पुन्हा घाल. त्यांनी बघण्यासारखं त्याहून चांगलं काही नाही. आणि पुढच्या महिन्यात माझ्या मागच्या स्टुलावर येऊन बस. पाहुणी म्हणून मी तुझंच नाव दिलंय, प्राचार्य बाईंनी मान्यही केलंय. त्या दिवशी मी हातमोजे घालणार नाही. माझा प्रश्न एकच आहे, माझे हात कुठे जातात ते बघ, आणि सुटले तर सगळ्यांसमोर सांग.

हात पाठीमागे बांधून वाट बघणारा,
तुझाच,
बाबा