पोटनिवडणूक आणि डिंकाचे लाडू

उस्मानपुरा, छ. संभाजीनगर
३ मार्च २०२५

चि. तनुजास, सुलेखाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र हातानं लिहून फोटो पाठवतेय. पोस्टानं पाठवलं तर तुमची पोटनिवडणूक उरकून जायची. औषधाच्या दुकानात गोळ्या मोजणारी आमची मुलगी तिकडं नगरसेवक झाली, आणि आता थेट ब्रिटनच्या संसदेला उभी! तुझा बाप तिकडं पिशोरला गावभर सांगत फिरतो, आमची तनू लई मोठी झाली. तू ते मनावर घेऊ नकोस. काम कर.

मतं मागायला जातेस आणि दारातूनच परत फिरतेस, हे मला पटलं नाही. वसुलीवाली आहेस का? कुणाकडं रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढं वळण तुला लावलंय. कुरिअरनं डिंकाचे लाडू येताहेत. दारागणिक एकेक दे.

खुशाली कळव. माया आहेच, बोलण्यात दिसत नाही इतकंच.
तुझी आत्या


इंग्लंड, १४ मार्च

ती. सुलेखाआत्यास, शि. सा. न. वि. वि.

लाडू पोचले, आणि घात झाला. पहिल्याच दारात एका आजींना लाडू दिला. त्यांनी तिथंच खाल्ला, वर आणखी एक मागून घेतला. माझी निवडणूक प्रतिनिधी फियोना मागं उभी होती, ती पांढरीफटक पडली. मतासाठी मतदाराला खाऊपिऊ घालणं इथं गुन्हा आहे. सिद्ध झाला तर जिंकलेली जागाही जाते. नियम मला ठाऊक होता गं! पण तुझा डबा हातात आला आणि मी उमेदवार उरलेच नाही, तुझी भाची झाले.

कहर म्हणजे त्या आजी माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या, गॅरेथच्या आई निघाल्या. फियोना म्हणते, वकिलाला विचारेपर्यंत गप्प राहा. बाबा म्हणाले, येडे, लाडवाचं काय घेऊन बसलीस, इकडं बोकडं कापतात, कुणी हूं का चूं करत नाय. मी काय करू?

रागाव, पण लवकर.
तुझी तनू


उस्मानपुरा, १५ मार्च

चि. तनुजास, आशीर्वाद.

कायदा न विचारता डबा मी पाठवला. चुकले. राज्यशास्त्रात एम. ए. कशासाठी केलं, हे सकाळपासून स्वतःलाच विचारतेय.

तुझ्या बापाची, बद्रीनाथची बोकडं त्याच्यापाशीच राहू देत. गॅरेथनं ओरड करायच्या आत तू स्वतः निवडणूक कार्यालयात जा. सगळं सांग. माझं नाव पत्त्यासकट दे. जागा गेली तर परत उभी राहशील. लपवून निवडून आलीस, तर त्या आजींच्या दारावरून जाताना दर वेळी मान वळवावी लागेल.

उरलेले लाडू तूच संपव. फियोना मतदार असेल तर तिलाही देऊ नकोस.

राग ओसरला की पुन्हा लिहीन.
आत्या


इंग्लंड, २८ मार्च

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

निवडणूक कार्यालयात सगळं सांगून आले. त्यांनी आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, दोन खाल्ले, झकास होते, पण मत मुलालाच; ते लाडवावर फिरणारं नाही. गॅरेथलाही हसू आवरेना. प्रकरण तिथंच मिटलं. बातमी मात्र छापून आली. मग जाईन तिथं लोक आधी माझे हात बघायचे, हसायचे आणि बोलत उभे राहायचे.

काल निकाल लागला. आत्या, मी निवडून आले! थोडक्यात, पण आले. मोजणीच्या ठिकाणी आजी भेटल्या. मला वाटलं, अभिनंदन करतील. त्यांनी बजावलं की मत मुलालाच दिलंय, आणि विचारलं की गल्लीतली बंद पडलेली बस केव्हा सुरू करतेस. बाबांना पिशोरला मिरवणूक काढायचीय. कधी येऊ?

शाबासकीची वाट बघणारी,
तनू


उस्मानपुरा, २९ मार्च

चि. तनुजास, अनेक आशीर्वाद.

शाबास. आनंद मी शेजारच्या मालनबाईंपाशी मोठ्यानं व्यक्त केला. तू ऐकायला नव्हतीस ते बरं.

मिरवणूक नको. पिशोरच्या मंडळींनी पिशोर-कन्नड रस्त्यावरल्या खड्ड्यांचं निवेदन तुझ्या नावानं बद्रीनाथच्या हाती दिलंसुद्धा! ते खड्डे तुझ्या हद्दीत येत नाहीत, हे त्याला समजावता समजावता माझा घसा बसला.

त्या आजींची बस मात्र तुझ्या हद्दीत येते. मत दिलं नाही तरी आता त्या तुझ्याच मतदार. त्यांचं काम आधी धर. बस सुरू झाली की फोटो काढून घेऊ नकोस. आजींबरोबर एक फेरी मारून ये, तिकीट काढून. मगच इकडं ये.

वाट बघतेय, पण घाई नाही.
तुझी आत्या