वीस किलोंत बसणारा बाप

तीर्थस्वरूप भाऊजींना धाकट्या मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. ताईलाही सांगावा. तिच्या गुडघ्याचं काय झालं? जिना चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना आधी दुखरा, असं डॉक्टरांनी सांगितल्याचं तिनं कळवलं होतं. पण ती नेमकं उलट करत असणार, याची मला खात्री आहे. (लहानपणापासून सांगितलेलं उलट करायची तिची सवय. तुमचं स्थळ आलं तेव्हा आमची आत्या नको म्हणाली, म्हणूनच ती लगेच हो म्हणाली. इतक्या वर्षांनी सांगतोय, राग मानू नये.) तुमची साखर आटोक्यात असेल आणि चहा चोरून पिणं बंद असेल, असं धरून चालतो. आम्ही दोघं देवाच्या कृपेनं बरे आहोत. मला थोडा खोकला आहे. त्याचं कारण पुढं येईलच.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे माझ्या रीतीनं, वाटेत चार ठिकाणी बसत येतो. तुमच्या भाचीला बढती मिळाली. युरोपातल्या एका मोठ्या नदीवर प्रवाशांची लांबलचक बोट चालते, तिच्यावर ती आता सुकाणूजवळ उभी राहणारी दुसरी अधिकारी झाली आहे. दीडशे माणसं जेवत असतात, गप्पा मारत असतात, आणि माझी मुलगी त्यांना पुलाखालून अलगद काढत असते, कपातला चहा हलत नाही. हे वाक्य मी दुकानात इतक्या वेळा म्हटलं आहे की काज-बटण करणाऱ्या बाईही आता गिऱ्हाइकांना ते ऐकवतात, आणि त्यासुद्धा 'माझी मुलगी' असंच म्हणतात. मी त्यांना टोकत नाही. अभिमान वाटून घेतला तर कमी होत नाही, असं मला वाटतं.

तर हंगामाच्या शेवटच्या फेरीला, ऐन थंडीत, बोटीवर काम करणाऱ्यांच्या आईवडिलांना कंपनी आठ दिवस नेते. यंदा आम्ही दोघं जाणार. शेवटच्या दिवशी दुपारच्या जेवणाला कप्तान एकेकाच्या आईवडिलांना उभं करतात आणि सगळ्यांना ओळख करून देतात. भाऊजी, मला विमानाची भीती नाही, थंडीची नाही, चिंता आहे ती त्या एका मिनिटाची. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला शिंपी. तिथं मी उभा राहीन तेव्हा लोकांनी आधी मला आणि मग तिला बघावं आणि म्हणावं, बरोबर, ही याचीच. माझ्यामुळं तिची मान खाली जाता कामा नये. बाकी या पत्रात जो मूर्खपणा येईल तो सगळा या एका मिनिटापायी झाला आहे, असं समजून पोटात घालावा.

मुलीनं एक पार्सल आणि एक यादी पाठवली. पार्सलमध्ये आतून घालायचे घट्ट कपडे आणि एक पाऊस अडवणारं जाकीट. यादीत कपड्यांचे तीन थर सांगितले होते, कांद्यासारखे. सगळं गुंडाळून भरा, घड्या घालू नका. (शिंप्याला घडी घालू नको म्हणणं म्हणजे हलवायाला गोड करू नको म्हणण्यासारखं आहे, पण असो.) बूट एक माप मोठे घ्या, दोन मोजे मावले पाहिजेत. एका बॅगेचं वजन वीस किलोंच्या वर नको. आणि सगळ्यात खाली, लाल शाईनं, खाली रेघ मारून : 'बाबा, कृपा करून यातल्या कशातही सुधारणा करू नका.'

मी सुधारणा केली नाही. मी दुरुस्ती केली.

झालं असं की तो आतला घट्ट सदरा हातात घेतला तर दहा वर्षांच्या मुलाच्या मापाचा. छाती छत्तीस, माझी बेचाळीस. तीस वर्षं लोकांची अंगं मोजल्यावर मला कुणी सांगायला नको की बेचाळीस छत्तीसमध्ये जात नाही, आणि गेलीच तर परत येत नाही. पोरीनं कामाच्या घाईत चुकीचं माप पाठवलं असणार. मी बाजू उसवल्या, काखेत कळ्या घातल्या, छातीला बेचाळीसच्या वर आणखी चार इंच लूजिंग दिलं. अंगात घातला तर काय सांगू, वारा खालून शिरून गळ्यातून बाहेर पडत होता. उन्हाळ्यात फार छान वाटेल. खालच्या विजारीचंही तेच केलं आणि वर तिला इस्त्रीनं चुणी पाडायला गेलो, तर ती इस्त्रीला चिकटली. चुणी पडली खरी, पण ती आता इस्त्रीवर आहे.

मग जाकीट. ते उलटं करून बघतो तर आतल्या प्रत्येक शिवणीवर रबरासारखी चकचकीत पट्टी डकवलेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारखान्यात कुणीतरी शिवण चुकवली आणि ती झाकायला वर ठिगळ लावलं, ही लबाडी आम्हाला लांबून कळते. उद्या कप्तानांच्या समोर मी जाकीट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं आणि आतून ती ठिगळं दिसली तर? शिंप्याच्या पाठीवर ठिगळ! दोन दिवस बसून, कोमट इस्त्री फिरवत, नखानं नखानं सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या आणि सगळीकडं दुहेरी टीप मारली. भाऊजी, इतकी सरळ टीप की कोणाही कारागिराचे डोळे भरून यावेत. मी ते खुंटीला लावलं आणि समोर थोडा वेळ हात जोडून बसलो. गर्व नव्हता तो, कृतज्ञता होती. निदान तेव्हा तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी परीक्षा म्हणून जाकीट घालून न्हाणीघरात फवाऱ्याखाली उभा राहिलो. आमची ही दाराबाहेर.

"अहो, कोरडे आहात का?"

"कुठून विचारतेस? बाहेरून की आतून?"

"आतून हो!"

"आतून जरा जास्तच ओला आहे."

सुईच्या एकेका भोकातून एकेक धार. आमच्या दुकानासमोर चपला आणि छत्र्या दुरुस्त करणारा बसतो, त्याला सगळे सर्जन म्हणतात. त्याला जाकीट दाखवलं. त्यानं ते उजेडाला धरलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा उजेडाला धरलं. म्हणाला, "मास्तर, पाणी त्या पट्ट्याच अडवत होत्या. तुम्ही धरणाच्या भिंतीला खिडक्या पाडल्यात. आणि खिडक्यासुद्धा कशा, एका ओळीत!" मी म्हटलं, ओळीत आहेत ना? मग बस. (माझा खोकला तेव्हापासूनचा.)

आता वरच्या थराचा प्रश्न उरला, आणि खरं सांगतो, मला आतून बरंच वाटलं. कारण ओव्हरकोट स्वतः शिवायचा, हे माझ्या मनात पहिल्या दिवसापासून होतं. दोन जाड लोकरी कांबळी काढली, करड्या रंगाची. कापडाला कात्री लावण्याआधी मी नेहमी क्षणभर डोळे मिटतो, कारण कापलेलं कापड देवसुद्धा जोडून देत नाही. या वेळी जरा जास्त वेळ मिटले. हिला वाटलं झोप लागली. अकरा दिवस लागले. खांदा असा बसला आहे की मी श्वास घेतला की कोट घेतो, मी सोडला की सोडतो. आतून गर्द निळं अस्तर. आतले खिसे सात : चष्मा, पासपोर्ट, गोळ्या, रुमाल वगैरे, आणि छातीवरचा एक रिकामा. तो कशासाठी, असं ही विचारते. माणसाकडं एखादी जागा कशासाठी नाही अशीही असावी, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "मग तिथं तुमची अक्कल ठेवा, हरवत असते." कोटाचं वजन साडेपाच किलो.

यादीवर विश्वास ठेवायचा नसेल तर अनुभव घ्यावा, म्हणून मी आणखी एक परीक्षा दिली. बटाट्यांच्या शीतगृहाचे व्यवस्थापक माझे जुने गिऱ्हाईक. (पोट सुटल्यापासून दरवर्षी एक विजार ढिली करून नेतात, त्यामुळं त्यांना माझा शब्द मोडता येत नाही.) त्यांच्या परवानगीनं सगळा पोशाख चढवून मी दोन अंशांत, पोत्यांच्या दोन थप्प्यांच्या मध्ये, तासभर उभा राहिलो. ही दाराबाहेर स्टुलावर घड्याळ घेऊन. आत शांतता इतकी की नामस्मरणाला उत्तम जागा. मी डोळे मिटून नाम घेत होतो. पोती उचलायला आलेला हमाल दचकला आणि मग जवळ येऊन म्हणाला, "काका, कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "युरोपची." तो म्हणाला, "इकडून नाही जात ती. इकडून फक्त बटाटे जातात."

कोट पास झाला, भाऊजी. वर पहिल्या दर्जात. छातीला घाम होता. पण पाय नापास. घोट्याखाली माझं काही आहे, हेच मला कळेना. बाहेर आलो तो दोन लाकडं लावल्यासारखा चालत. म्हणजे खोट बुटांत होती. आता माझं असं आहे की आजवर मी मशीन अनवाणी पायानंच चालवलं. पायटा तळव्याला कळला पाहिजे, तरच टीप सरळ जाते. सर्जननं माझे पाय मांडीवर घेऊन तपासले आणि सांगितलं की पायटा दाबून दाबून माझा उजवा पाय पसरला आहे. उजवा नऊ नंबरचा, डावा आठचा. मी मात्र यादीतलं 'एक माप मोठे' विसरून दोन्ही आठचे घेतले होते, कारण दुकानदारानं डावा पाय मोजला आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, दुसरा मोजू नका, तो जुळा आहे! तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाचे दोन्ही खांदे वेगवेगळे मोजणारा मी. स्वतःचे दोन पाय मोजायचे राहून गेले. यावर मी दोन दिवस विचार केला. मग जाऊन दहा नंबरचे बूट आणले आणि सर्जननं कोटाच्या उरलेल्या लोकरीतून डाव्यात दोन तळवे आणि उजव्यात एक घातला. आता दोन मोजे घालूनही बोटं हलतात. हलवून बघितली. आत्ताही हलवतोय.

राहिली बॅग. हिनं यादी भिंतीला चिकटवली, एकेक ओळ वाचली, तसं तसं गुंडाळलं, अर्ध्या तासात बॅग बंद. अकरा किलो. वर मला म्हणाली, "सांगितलेलं केलं की असं होतं." माझी सव्वीस भरली. घड्या घातल्या होत्या, आणि घड्यांची शोभा अशी की बॅग उघडल्यावर लग्नाचा रुखवत वाटावा, पण झाकण लागेना. तीन वेळा उपसली. शेवटी उपाय सापडला : कोट आणि बूट अंगावर घालूनच विमानात चढायचं. विमानतळावर उकडेल, लोक बघतील. बघू देत. बघण्यासारखाच आहे तो.

तर असं सगळं देवाच्या कृपेनं मार्गी लागलं आहे. ताईला म्हणावं, काळजी नसावी, तिचा भाऊ चार माणसांत उभा राहील असा तयार झाला आहे. लहानांना आशीर्वाद, तुम्हा दोघांना पुन्हा नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

ता. क. : एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. जाकिटाचं मी मुलीला अजून कळवलेलं नाही. ती रविवारी तुम्हाला फोन करणार आहे. तेव्हा बोलता बोलता, सहज, तिला एवढं सांगावं की पट्ट्या काढायचा सल्ला तुमचा होता. तुम्ही बत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात काढलीत. पाणी कुठून गळेल आणि कुठून नाही, याबद्दल तुमच्या शब्दावर ती शंका घेणार नाही. (तुमच्या कारकिर्दीत आमच्या गल्लीतले सगळे नळ गळायचे, हे तिला आठवतं, त्यामुळं सल्ला तुमचाच असेल हे तिला पटेलही.) हे योग्य आहे का, असं मी देवाला विचारलं. उत्तर आलं नाही. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला आहे.

दुसरा ता. क. : वरचं रद्द समजावं. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, पण सकाळी प्रार्थनेला बसलो तर शब्दच पुढं सरकेनात. वडीलधाऱ्या माणसाला आपल्यासाठी खोटं बोलायला लावणं बरं नव्हे. मी उठलो आणि मुलीला फोन करून सगळं कबूल केलं. ती इतका वेळ हसली की मला वाटलं, फोन बिघडला. हिनं तिला सगळं आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं! आणि मुलगी काय म्हणाली ऐका : "बाबा, तुमच्या मापाचं जाकीट आणि आतले कपडे माझ्या कपाटात केव्हाचेच आणून ठेवलेत. पाठवले होते ते तुम्हाला उसवायला."

मग म्हणाली, जेवणाला ते जाकीट नको, तुमचा कांबळ्याचा कोटच घाला, मी कप्तानांना सांगून ठेवलंय. आणि आवाज खाली आणून म्हणाली की तिचा गणवेशाचा कोट पुरुषांच्या बेतानं कापलेला आहे, बाह्या लांब होतात, अख्खा हंगाम तिनं त्या आत दुमडून टाचण्यांवर काढला. तिथं शिंपी आहेत. तिनं कुणाला दाखवला नाही.

तेव्हा बॅग पुन्हा उपसली आहे. दोन स्वेटर बाहेर, आणि कात्री, टेप, खडू आणि निळ्या दोऱ्याच्या अकरा छटांच्या अकरा रिळी आत, कारण गणवेशाचा निळा नेमका कोणता, ते फोनवर कळत नाही. बाही दीड इंच आत घ्यायची की दोन, हे मी इथून ठरवणार नाही. तिला सुकाणूवर हात ठेवून उभी करीन आणि मगच माप घेईन. उभ्या माणसाची बाही वेगळी, आणि काम करणाऱ्या माणसाची वेगळी.