मायने गेरू लावलेला दगड

प्रिय माय,

उद्या सकाळच्या गाडीने मी सासरी वडनेरला परत निघतेय, आणि तुझ्या दगडाचं काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय पाय निघेना. म्हणून बसले लिहायला. परवा तुझं वर्षश्राद्ध नीट पार पडलं. स्वयंपाक वहिनीने केला. भाजीत मीठ तुझ्या हातासारखंच थोडं जास्त पडलं!

आपल्या मळ्यासमोरचा तो मैलाचा दगड. त्याची अक्षरं केव्हाच झिजलेली. कुठून कुठून माणसं लोणारला सरोवर बघायला येतात, त्यांनाही तू वाट सांगायचीस ती त्या दगडापासूनच. आणि मला सासरी निरोप धाडायचीस तो एवढाच, "दगडापाशी उतरजो."

एकदा दिवेलागणीला मला गाडीतून दगड दिसलाच नाही, पार पुढे गेले. कडेवर पोर, हातात पिशव्या, चालत मागे आले तर तू अजून तिथेच उभी. पोळा नुकताच झाला होता. बैलांना लावून उरलेला गेरू दुसऱ्या दिवशी तू दगडाला फासलास, मला लांबून दिसावा म्हणून. एवढ्याचसाठी ना गं?

पुढच्या मंगळवारी तिथे नारळ फुटला. मग हळदकुंकू आलं, उदबत्त्या आल्या. कुणी नवस बोललं आणि तो फळलाही म्हणे! मी तुला म्हटलं, लोकांना सांग तरी की हा देव नाही. तू मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणालीस, "कोनाले नाई म्हनू वं? हातच जोडून राह्यले ना, दगड त नाई मारून राह्यले."

काल रस्ता रुंद करणारे आपल्या दारापर्यंत आले. नाक्यावरचा कडुनिंब गेला, पाणपोई गेली. गाड्यांसाठी पुढे नवा थांबा झालाय. मुकादमाने अदबीने विचारलं की देव कोणता, हलवायचा तर पूजा कोण करणार. दादा बाजारात गेला होता. वहिनी दारात उभी, पण तीही माझ्याच तोंडाकडे बघत होती.

मारुती आहे म्हटलं असतं तर दगडाला कुणी हात लावला नसता. उद्या छोटं देऊळही झालं असतं. पण मग तो तुझा कसा राहिला असता? आणि खरं सांगावं तर उचलून खडीत टाकतील. फार भ्यायले गं मी. तू गेल्यावर माझ्या माहेराचा तेवढा दगडच उरलाय, असं वर्षभर वाटत होतं.

शेवटी खरंच सांगितलं. "देव नाही भाऊ. माझी माय इथं माझी वाट पाहत उभी राहायची." आणि रडूच आलं.

मुकादमाने पायातली चप्पल काढली, दगडाला हात लावून नमस्कार केला आणि माणसांना हळू उचला म्हणाला. दगड त्यांनी आपल्या कुंपणाला लागून पुन्हा रोवून दिला, रस्त्याकडे तोंड करून.

आणि वहिनी! माझं नि तिचं बोलणं कामापुरतंच, तुला ठाऊक आहे. ती आत जाऊन गेरू कालवून घेऊन आली आणि वाटी माझ्या हातात दिली. म्हणाली, "लावा ताई. अन् कोन्या गाडीनं येता ते फोनवर सांगत जा. मी उभी राहत जाईन."

तू तिला आधीच सांगून ठेवलं होतंस का? मला बरी नाही बोललीस कधी!

नव्या थांब्याला छप्पर आहे, बाकडं आहे, मोठी पाटी आहे. असू दे. माय, कंडक्टरशी भांडेन, पण उतरेन ती दगडापाशीच. आणि वहिनीला यायला उशीर झालाच, तर तिथेच उभी राहीन, तू राहायचीस तशी.

तुझीच,
शोभा