पप्पांचा पहिला बाक

प्रिय करुणा,
प्रभूमध्ये सलाम.

हे पत्र तुला पाठवणार नाही, म्हणून खरं लिहितो. बायकांना पाळकाची दीक्षा नको, असं मी सभेत बायबलमधलं पौलाचं 'बायकांनी मंडळीत गप्प राहावं' हे वचन वाचून ठासून सांगितलं. तू सुधारकांबरोबर परळला वेगळं चर्च काढून तिथली पाळक झालीस. आता मी पाळक आहे त्या गिरगावच्या चर्चमधली माणसं तुझा उपदेश ऐकायला जातात, आणि माझा जळफळाट होतो.

रविवारी तर पप्पाच तुझ्याकडे गेले! ज्यांनी लहानपणी माझ्याकडून ते वचन पाठ करून घेतलं, त्यांनी तुझ्या हातून प्रभुभोजन घेतलं. विचारलं तर म्हणाले, "भाकर मोडताना ती माझ्याकडे बघते. तू घड्याळाकडे बघतोस."

शास्त्रावरून नंतर भांडू. पप्पांना तेवढं माझ्या पहिल्या बाकावर परत पाठव.

तुझा दादा,
शांतवन