बाबांना वाटते मी ध्यान करतो

२४ जून
अकरा ते पाच ऑनलाइन पोकरचं सेशन. एकाच वेळी चार टेबल. पहिले तीन तास झकास. मग जेवायला उठलो, आईने भात वाढला, खाल्ला. अडीच वाजता डोळे जड. हातात राजांची जोडी, आणि समोरच्याने किती लावले तेच पाहिलं नाही. गेलो. त्या रागात पुढचे चार-पाच हात उधळले. आठवडाभराची कमाई एका दुपारी पाण्यात.
भाताने मारलं. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात जन्मून भातावर राग धरणारा मी एकटाच असेन.

२६ जून
अंकुशचा फोन. कॉलेजचा अंकुश, पुण्यात असतो, तोही ऑनलाइन पोकरच खेळतो, माझ्यापेक्षा बरा. म्हणे, तुझा खेळ ठीक आहे, तुझं बसणं ठीक नाही. हरला की डोकं फिरते तुझं. ध्यानाचं दहा दिवसांचं शिबिर करून ये, नागपूरकडे आहे, फुकट आहे.
म्हटलं, बौद्धाच्या घरचा मी, आणि ध्यान तू सांगून राहिला मला?
फॉर्म भरला.

२७ जून
आईला सांगितलं. आईने बाबांना सांगितलं. आमच्या घरचं टपाल असंच जाते. इंजिनिअर होऊन घरी बसलो तेव्हापासून बाबा माझ्याशी थेट बोलत नाहीत, दोन वर्षं झाली. सालेकशाच्या शाळेत शिपाई होते. कोणाचं ना कोणाचं पोरगं नोकरीला लागायचं, त्याचे पेढे खाऊन घरी यायचे आणि मला पाहायचे. राग येणारच. पण म्हणून इतका?
संध्याकाळी माझ्या दारात आले. "जायले पैसे आहेत काय?"
मला. थेट मला.

९ जुलै
आलो. दहा दिवस तोंडातून शब्द नाही, गुडघ्यांची वाट लागली. पहिले काही दिवस डोळे मिटले की पत्तेच. नंतर जमलं. श्वास येतो, जातो, आपण पाहायचं. खरंच जमते.
बाबा गोंदिया स्टेशनवर गाडी घेऊन आले होते. मुर्रीला घरी पोहोचेपर्यंत बोलत होते. विहाराचं छत गळते, समितीत कोणी वर्गणी देत नाही, हे अन् ते. मी मागे बसून नुसतं हो हो. रडायला येऊन राहिलं होतं. काऊन, ते नाही सांगता येत.

१२ जुलै
पूर्ण सहा तास. दोनदा वाईट हरलो, डोकं फिरलं नाही. श्वास. पुढचा हात. श्वास. पुढचा हात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या त्या शिबिरवाल्यांनी.
दुपारी भात नको म्हटलं, दोन पोळ्या खाल्ल्या. बाबा आईला म्हणाले, "पाहा, पोराले संयम आला."
झोप येते हो बाबा भाताने. संयम कुठला.

२१ जुलै
आजपासून वर्षावास. आता आश्विन पौर्णिमेपर्यंत, पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात वाचन. मेश्राम काका समितीचे अध्यक्ष, त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आपल्या गावचा पोरगा शिबिर करून आला. लोकं वळून वळून पाहून राहिली. बाबा पांढऱ्या सदऱ्यात ताठ बसले होते.
दिवसभर दार बंद. मोबाइल बंद. बोलणं कमी, दारू नाही, भांडण नाही, लवकर झोप. सगळं पत्त्यांसाठी. लोकांना त्यात साधू दिसला. मी खोटं बोललो नाही. खरंही बोललो नाही, ते सोडा.

२८ जुलै, रवि.
मोठी स्पर्धा. मधेच बाहेर मेश्राम काकांचा आवाज. आणि आईचा: "ध्यानात आहे तो. पाच वाजता या."
तो हात हरलो.
नंतर स्वयंपाकघरात गेलो. आई, मी आत काय करतो माहीत आहे ना तुला?
"बदाम-चौकट दिसते मले त्या कॉम्प्युटरवर. आंधळी नाही मी."
मग खोटं कायले बोलते?
"दोन वर्षानं दोघं बाप-लेक एका जागी बसून चहा पिऊन राहिले. मोड आता तेही."
तिच्यापुढचा लसूण ओढला अन् सोलत बसलो.

४ ऑगस्ट, रवि.
काका आले होते ते यासाठी. दर रविवारी सकाळी विहारात लहान पोरांना ध्यान शिकवायचं. रविवारी! आठवड्यातून तोच एक दिवस हौशे-नवशे-गवशे टेबलावर येतात, त्यांच्यावर तर आमचं पोट. नाही म्हणायला तोंड उघडलं, तर बाबांनीच "शिकवते ना तो, कायले नाही शिकवणार" म्हणून टाकलं.
शिकवलं. डोळे मिटा, श्वास पाहा, मन पळालं तर परत आणा, त्याच्यावर रागावू नका. शिबिरात ऐकलेलं जसंच्या तसं. पोरं गप बसली, मलाच नवल वाटलं. मी डोळे मिटून कालचा हरलेला हात पुन्हा खेळत होतो.

११ ऑगस्ट
बाबांनी पहाटे हाक मारली. "बसू." आता रोज म्हणे. माझ्या शेजारी मांडी घालून बसतात, श्वास मोठ्याने वाजतो, जुन्या बिड्यांचा. पंधरा मिनिटांत चुळबुळ. मी दगडासारखा बसतो, कारण मला बसून राहायची सवय आहे. बसायचीच तर सवय आहे मला.
उठताना माझ्याकडे असं पाहतात की थोबाडीत मारून घ्यावं स्वतःच्या.
सेशन मात्र चांगलं झालं. लाज आणि लक्ष एकाच डोक्यात सुखाने राहतात, हे कळलं.

२ सप्टें., पोळा
गावाची रीत, पोळ्याला पत्ते. विहाराच्या मागे पोरं तीन पत्ती घेऊन बसली होती. बाबा मला सोबत घेऊन गेले. "उठा. लाज वाटते का? याले पाहा, तुमच्याच वयाचा आहे." याले म्हणजे मले. पोरं उठली, पत्ते खिशात घातले. मी खाली पाहत उभा राहिलो. दहा-दहा रुपयांचा खेळ त्यांचा. माझ्या एका हाताएवढे पैसे त्या पूर्ण घोळक्याकडे नसतील.
घरी आलो. पुरणपोळी खाल्ली. दार लावलं. खेळलो.

१५ सप्टें.
पहाटे बसून झाल्यावर बाबा उठलेच नाहीत. म्हणाले, "बसल्यावर मन कुठं जाते रे तुझं?"
कुठंच नाही, म्हटलं.
"माझं तुझ्यावर येते. पोरगा कमावत नाही, आम्ही गेल्यावर काय खाईल. परत आणतो, पुन्हा तिथंच जाते. तुझं काऊन जात नाही? काय करते तू?"
श्वास पाहतो, म्हटलं.
"मले नाही जमत. माझंच काही चुकते." मग हळूच: "मीबी फॉर्म भरला शिबिराचा. मेश्रामच्या पोरीनं मोबाइलवर भरून देल्ला. तुझ्यासारखं व्हायचं आहे."
माझ्यासारखं!
तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण मग पुन्हा आईच्या हाती टपाल, पुन्हा ते मुकं जेवण. नाही सांगितलं. भेकड आहे मी, दुसरं काय.

२५ सप्टें.
बाबांना गाडीत बसवून दिलं. बीपीच्या गोळ्या, शाल, दोन पांढरे सदरे. खिडकीतून म्हणाले, "पोरांचा रविवार चुकवू नको."
तिथे दहा दिवस खरं बसले तर त्यांना खरं-खोटं कळेल. ही भीती घेऊन घरी आलो.

२९ सप्टें., रवि.
मला ताप आला म्हणून काकांना सांगितलं. पोरांचा रविवार चुकवला.
घरात खोकला नाही, टीव्ही नाही, हाक नाही. हेच तर मागत होतो. दिवसभर एकदाही लक्ष हललं नाही. दुसरा आलो. एवढी मोठी रक्कम आयुष्यात कधी जिंकली नव्हती.
आईला सांगितलं. "बरं," म्हणाली आणि धुणं वाळत घालायला गेली. अंकुशला फोन केला, त्याने उचलला नाही.

६ ऑक्टो.
स्टेशनवर घ्यायला गेलो. बाबा बारीक झाले. रस्त्याने एक शब्द नाही. मला वाटलं मौन अजून उतरलं नसेल.
चहा घेतला, मग बोलले. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. "माझ्या बाजूले एक म्हातारा बसे. आपल्याच इकडचा, दवनीवाड्याचा निघाला, शेवटच्या दिवशी समजलं. तो बसला का मलेबी बसता ये. आपोआप. तुझ्या बाजूले इतके दिवस बसलो, तसं एकदाबी नाही झालं."
आई भांडी घासत होती, तिचे हात थांबले.
"मले वाटे माझंच चुकते," म्हणाले. कप खाली ठेवला. झोपायला गेले.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या ऐकून घेता येतात.

७ ऑक्टो.
पहाटे हाक आली नाही. आपोआप जाग आली. बाहेर आलो तर बाबा बसलेले. चुळबुळ नाही, श्वासाचा आवाजही नाही. शेजारी दुसरं आसन टाकून ठेवलं होतं. मला मात्र उठवलं नव्हतं.
बराच वेळ दारात उभा होतो. त्यांना कळलं असणार, डोळे उघडले नाहीत. मग परत खोलीत आलो. ते अजून उठलेले नाहीत, आसन तसंच आहे.