सगळ्यांना आवडलेलं गाणं

सिडको, नाशिक
१६ एप्रिल २०२५

चि. सौ. लता हिस सावळीरामदादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. आज सकाळी चहाची भरली कपबशी टेबलावरून आपणहून चालत गेली आणि खाली पडून फुटली. शेजारच्या बंटीच्या भावाची उद्या हळद. डीजेची चाचणी चालू आहे. फोनवर तुझं एक अक्षर ऐकू येत नाही, म्हणून हा कागद.

गाणं एकच. एक भाई कोयता काढतो आणि कोणाकोणाला कापणार ते सांगतो. कॉलनीतल्या पोरापोराच्या फोनमध्ये तेच वाजतं, दूधवाल्यानेही लावलंय. तुझा रवी मात्र फोनमध्ये आजोबांनी वाजवलेलं संबळ घेऊन फिरतो, म्हणून पोरं त्याला म्हातारा म्हणतात. मी म्हटलं, बाबा, कॉलेज होईपर्यंत माझ्याकडे राहायचंय, तेच गाणं लाव, तुझं काय जातं? मीसुद्धा लावलंय. तो नुसता हसला.

त्याचे इअरफोन मी बोळे म्हणून कानात घातले होते, ते बादलीत पडून बिघडले. सांगू नकोस, भरून देईन.

पुंजारावदाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

कळवण
२१ एप्रिल

ती. दादास लताचा शि. सा. न.

फोनवर तू म्हणालास, रवी जिन्यावरून पडला. मग रवीनंच खरं सांगितलं. हळदीत तो नाचंना, तर चौघांनी धरला, डावा कान स्पीकरला दाबला अन् म्हणत होते, बोल, गाणं लय भारी हाय. तो बोलंना. रक्त आलं तरी सोडलं नाय. मग रवीनं हाताला लागलेला लोखंडी पाइप बंटीच्या डोक्यात घातला. तू कुठं होतास?

पारावर लोक यांना विचारतात, बांगड्या भरू का. यांचं मन नाय, पण रविवारी टेम्पो भरून माणसं येणार, काठ्या निघाल्यात. बाकी तिघांची नावं रवी सांगंना, ती तू धाड. नाय धाडलीस तर मला माहेर नाय असं समजेन. पत्र एसटीच्या ड्रायव्हरजवळ देते.

राग उतरेपर्यंत लोभ बाजूला ठेवलाय.

लता

नाशिक
२४ एप्रिल

चि. सौ. लता हिस अनेक आशीर्वाद.

मी तिथंच होतो. नाचत होतो. रवीची किंकाळी मला गाण्यातलीच वाटली; त्या गाण्यात किंकाळ्या आहेत.

डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाला आता ऐकू येईलसं दिसत नाही. बंटीच्या डोक्याला टाके पडलेत, शुद्धीवर आहे.

चौघांना मी एकेकट्याला गाठलं. पहिला म्हणाला, ते गाणं माझ्या डोक्यात जातं, पण बंटीला आवडतं. दुसरा तेच, तिसरा तेच. मग दवाखान्यात बंटीला विचारलं. तो म्हणाला, मला कुठं आवडतं काका, पोरांना आवडतं म्हणून लावलं. ज्या गाण्यापायी तुझ्या पोराचा कान गेला, ते कोणालाच आवडत नव्हतं.

टेम्पोतल्या माणसांनाही असंच एकेकट्याला बाजूला घेऊन विचार. सुरुवात पुंजारावांपासून कर. नावं तुला देत नाही. पोलिसांना दिलीत, साक्षीदार म्हणून माझी सही आहे. रवीच्या पाइपचंही सांगितलं. कॉलनीत आता माझ्याशी कोणी बोलत नाही. कपबशी जागेवर राहते.

लोभ रागासकट पाठवलास तरी चालेल.

दादा

ता. क. रवीला नवे इअरफोन आणून दिले. उजवा कानात घालून त्याने संबळ लावलं. डावा शर्टावर लोंबत राहिला.