सातवा ग्लास

कोंढा
५ सप्टेंबर २०२४

चि. रुचिका, तुले काकूचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आम्ही बरे हाओत असं लिहायची रीत हाये म्हणून लिहिते. बरं काई नाई. फोन तुह्या काकाच्या खिशात असते अन् शेजारची रंभाबाई भिंतीले कान लावून बसते. म्हणून भुपेंद्रसंग पत्र धाडून राहिली. तो रोज जवाहरनगरले कामाले येते, त्याच्याच हाती उत्तर दे. मी चौथी शिकली, अक्षराले हसू नको.

तुह्या काकानं होळीले दारू सोडली, हे तुले ठाऊक हाये. डॉक्टरनं सांगतलं होतं, आता एक घोट घेतला तरी सोमाजी वाचत नाई. मीच घरातल्या साऱ्या बाटल्या फोडल्या. मामाजीचं, म्हणजे तुह्या आजोबाचं, गाडगंही फोडलं. दर अमावास्येले भरदुपारी तलावाच्या पाळीवर त्या गाडग्यातून मोहाच्या दारूची धार सोडायची, अन् सोडणाऱ्यानं आधी ओठ लावायचा, ही आपल्या घरची चाल. मी म्हटलं, या ओठ लावण्यानंच माणूस बिघडला. पितर पाणी पितीन.

तवापासून दर अमावास्येले दुपारी तो बसल्या जागी झुलते अन् एक इंग्रजी शब्द बोलते. एकच. ज्याले सहीपलीकडं लिहिता येत नाई, तो इंग्रजी बोलते! मी कॅलेंडरवर त्या त्या तारखेजवळ लिहून ठेवले: मेरी, टिप्सी, टाइट, सोझल्ड, प्लास्टर्ड, अन् सोमवारी पोळ्याले ब्लॉटो. तू शाळेत इंग्रजी शिकवतेस, अर्थ सांग. मेरी कोण्या बाईचं नाव असंल तं तेही सांग, लपवू नको.

माया राहू दे.
तुही काकू
दुर्गा

जवाहरनगर
९ सप्टेंबर

ती. काकूस रुचिकाचा सा. न. वि. वि.

काकू, मेरी कोणी बाई नाही, पदर खोचून निघू नकोस. सहाही शब्द दारू चढलेल्या माणसाचे आहेत. मेरी म्हणजे नुसता खुशीत आलेला. टिप्सी म्हणजे पाय जरा हलके झालेला. मग टाइट, सोझल्ड, प्लास्टर्ड अशी ती चढतच जाते, आणि ब्लॉटो म्हणजे शुद्ध हरपलेला. मला धास्ती वेगळीच वाटली. ब्लॉटो मलाही शब्दकोशात पाहावा लागला. आता असं कोणी बोलत नाही. काकांना हे आलं कुठून?

बाबा म्हणतात, सोमा चोरून पीत असेल. रागावू नकोस, पण एकदा तपासून पाहा.

लोभ आहेच, तो वाढू दे.
तुझी
रुचिका

कोंढा
१६ सप्टेंबर

चि. रुचिका, आशीर्वाद.

तुह्या बापाले सांग, त्याचा भाऊ चोर नाई. सहाही वेळा मी त्याचं तोंड हुंगलं. पवनीले नेऊन रक्त तपासलं. दारूचा थेंब नाई निघाला.

एक गोष्ट भेवानं लिहिली नव्हती, ते आता लिहिते. मेरी म्हटलं त्या दिवशी त्याच्या चपला ओल्या होत्या. मी म्हटलं हापशीवर गेला असंल. टिप्सीले घोटे ओले. टाइटले गुडघे. मग मांड्या, मग कंबर. पोळ्याले छातीपर्यंत चिंब, अन् शर्टाच्या खिशात शेवाळ. अन् पोरी, तो सारा वेळ माह्यासमोर ओसरीत खुर्चीवर बसून होता. मी तांदूळ निवडून राहिली होती, नजर हलवली नाई. तलाव अर्धा कोस दूर हाये.

शुद्धीवर आला की विचारते, दुर्गे, मले कोणी ओढलं?

२ ऑक्टोबरले पितरांची अमावास्या. छातीच्या वर काय असते, ते मले चौथीतही समजत होतं. मामाजी त्या तलावावरच्या इंग्रजायच्या बंगल्यात खानसामा होते. त्याईची पेटी तुह्या बापाजवळ हाये. उघड. बाप नाई म्हणंल तं त्याचं ऐकू नको, तो जलमाचा घाबरट.

तुही काकू

जवाहरनगर
२५ सप्टेंबर

ती. काकूस सा. न.

पेटीत वही सापडली. आजोबांच्या हातची, तुलाराम खानसामा अशी सही. एका पानावर पाहुण्यांचे शब्द मराठीत टिपलेत, ग्लासाच्या आकड्यासकट. पहिला मेरी, दुसरा टिप्सी, असं करत सहावा ब्लॉटो. काकू, तुझ्या कॅलेंडरचाच क्रम. सातव्या ग्लासासमोर इंग्रजी शब्द नाही. नुसतं 'तलाव' लिहिलंय.

त्याखाली दोन ओळी आहेत, जशाच्या तशा उतरवते. "साहेब हात जोडून नाई म्हणत होता. बाकीच्यायले गंमत पाहाची होती, मी सातवा भरला. त्याचा वाटा मी देईन, माह्यामागं माह्या घरचे देतीन."

धार पितरांसाठी नव्हतीच, त्या बुडालेल्या साहेबासाठी होती. बाबांनी वही वाचली आणि तेव्हापासून जेवले नाहीत. मी असलं मानत नाही, काकू. तरी काकांना त्या दिवशी इकडे आण. आणि त्यांना ओठ लावू देऊ नकोस.

तुझी
रुचिका

कोंढा
४ ऑक्टोबर

चि. रुचिका, आशीर्वाद.

काका बरा हाये. त्याले आणलं नाई. बसमधी सातवा शब्द निघाला असता तं मी काय केलं असतं?

अमावास्येले त्याले खाटेले बांधलं अन् रंभाबाईले राखणीले बसवलं. ती म्हणे दुर्गाबाई पागल झाली. मी म्हटलं, पागल तं पागल, गाठ सोडू नको. तिच्याच घरचं गाडगं, तिच्याच ओळखीची मोहाची घेतली अन् पाळीवर गेली. उभ्या जलमात पयल्यांदा ओठ लावला. कडू जहर! धार सोडली अन् साहेबाले सुनावलं, की सासऱ्यानं चूक केली, माह्या नवऱ्यानं नाई. हे घे अन् पुन्हा आमच्या दारी येऊ नको. गाडगं तिथंच दगडावर आपटून फोडलं. घरी आली तं काका कोरडा ठणठणीत, खाटेवर घोरून राहिला होता.

आता तुह्या बापाले सांग, जेव. सारं निपटलं.

काकूची आठवण ठेवत जा.
तुही
दुर्गा

ता. क. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. आज अमावास्याही नाई, तरी सकाळपासून मले उगाच हसू येऊन राहिलं. चपला ओल्या हाये. मी आज आंगणातही उतरली नाई. कॅलेंडरवर दिवाळीच्या अमावास्येजवळ 'मेरी' लिहिलेलं हाये. अक्षर माहं हाये, लिहिलं मी नाई. काकाले काही कळवू नको. एक नवं गाडगं घे अन् भुपेंद्रसंग लवकर धाड.